साफ केलेली वर्डप्रेस साइट पुन्हा पुन्हा हॅक होत असेल तर

"दादा, परत तेच झालंय."

वाचनालयाच्या ग्रंथपाल मॅडमचा हा फोन दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आला. तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय. वर्डप्रेसवरची साधी साइट: नव्या पुस्तकांची यादी, व्याख्यानमालेचं वेळापत्रक, वर्गणीची माहिती, कार्यक्रमांचे फोटो. सभासद गुगलवर वाचनालयाचं नाव शोधतात, पहिल्या दुव्यावर बोट ठेवतात आणि समोर ऑनलाइन जुगाराचं पान येतं. मॅडम कार्यालयातल्या संगणकावर पत्ता टाइप करून साइट उघडतात तेव्हा मात्र सगळं जागच्या जागी.

आधीच्या दोन्ही वेळी साइट मीच साफ केली होती आणि "आता काळजी नको" असंही मीच सांगितलं होतं. तिसऱ्या वेळी कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघाला की हे फुकटचं सॉफ्टवेअर, त्याचा कोड सगळ्या जगाला उघडा, मग चोर येणारच. दुसरं काहीतरी घ्या. प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर द्यायचं तर हॅक परत का येतो हे आधी सापडायला हवं होतं. ते सापडलं ते सविस्तर लिहितोय, कारण याच चक्रात अडकलेल्या शाळा, पतसंस्था आणि छोटी दुकानं मला सतत भेटतात.

"माझ्याकडे तर नीट दिसतंय"

या हॅकमधला सगळ्यात त्रासदायक भाग हाच. घुसवलेला कोड आधी दोन गोष्टी बघतो: आलेला माणूस गुगलवरून आलाय का, आणि मोबाइलवर आहे का. दोन्हीचं उत्तर हो असेल तरच तो जुगाराच्या पानावर पाठवतो. लॉगिन केलेल्या ॲडमिनला किंवा थेट पत्ता टाकून येणाऱ्याला तो हातही लावत नाही. काही प्रकार तर एका फोनला एकदाच फसवतात आणि कुकी ठेवून नंतर गप्प बसतात. म्हणून सभासद दाखवायला येतो तेव्हा साइट नेमकी नीट उघडते, आणि सगळे म्हणतात, तुझ्याच फोनमध्ये व्हायरस आहे. मॅडमनी पहिल्या खेपेला दोन आठवडे सभासदांना हेच सांगितलं.

तपासायचं असं. ज्या फोनवरून साइटवर कधीच लॉगिन केलेलं नाही तो घ्या, वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर खासगी विंडो उघडा, गुगलमध्ये नाव शोधा आणि निकालावर दाबा. मग गुगलच्याच शोधात इंग्रजीत 'साइट' लिहून, कोलन देऊन, पुढे आपलं डोमेन टाका. वाचनालयाची खरी पानं साठ-सत्तर आहेत. निकालात बुटांच्या आणि घड्याळांच्या जाहिरातींची जपानी पानं निघाली, पुढे पुढे करत गेलो तरी संपेनात. या प्रकाराला जपानी कीवर्ड हॅक म्हणतात आणि तो जगभर बोकाळलेला आहे. गुगल सर्च कन्सोल ही साइटच्या मालकांसाठी गुगलने दिलेली सोय, तिच्यातल्या यूआरएल तपासणीत गुगलला आपलं पान नेमकं कसं दिसतं तेही कळतं.

सर्च कन्सोल उघडलंच आहे तर मालकांची यादी जरूर बघा. घुसलेला माणूस साइटच्या मुळाशी एक छोटी पडताळणीची फाइल ठेवतो आणि स्वतःला मालक करून घेतो. आमच्याकडे एक अनोळखी पत्ता होता. आधी ती फाइल काढायची, मगच मालक काढायचा. उलट केलंत तर तो पुन्हा पडताळणी करून आत येतो.

दोन साफसफाया वाया का गेल्या

पहिल्यांदा मी होस्टिंगकडचा आठवड्यापूर्वीचा बॅकअप परत टाकला. नऊ दिवस साइट ठीक चालली. दुसऱ्यांदा सुरक्षेचं प्लगइन (वर्डप्रेसला जास्तीची सोय जोडणारा छोटा प्रोग्राम) बसवून स्कॅन केलं, लाल झालेल्या फाइली काढल्या, सगळं अपडेट केलं, ॲडमिनचा पासवर्ड बदलला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

बॅकअप वाया गेला कारण घुसण्याचा दिवस आणि उपद्रव दिसण्याचा दिवस वेगळे असतात. मधे काही आठवडे, कधी काही महिनेही जातात. चोरदरवाजा त्या बॅकअपमध्येच होता, मी तो इमाने इतबारे परत बसवला. स्कॅन वाया गेलं कारण ते प्लगइन वाचनालयाच्या साइटच्या फोल्डरपुरतं बघत होतं, आणि आमचं दुखणं शेजारच्या फोल्डरमध्ये होतं.

जुगाराकडे नेणारा कोड हा परिणाम आहे. तो कितीही वेळा पुसला तरी तो पुन्हा लावणारं काहीतरी मागे शिल्लक असतं. हॅक परत येतो याचा अर्थ ते शोधलं गेलेलं नाही, एवढाच.

पुन्हा लावणारा कुठे दडतो

तिसऱ्या वेळी मी स्कॅनवर विसंबलो नाही, फोल्डर एकेक करून हाताने उघडले. अपलोड्स, म्हणजे साइटवर चढवलेले फोटो जातात तो फोल्डर, त्याच्या आत २०१९, त्याच्या आत ०८. त्या महिन्यातल्या व्याख्यानमालेचे फोटो: व्यासपीठ, समई, पहिल्या रांगेतले ज्येष्ठ सभासद. सगळ्या फाइली जेपीजी, प्रत्येकी दोन-अडीचशे केबीच्या. त्यांच्या मधोमध तसंच नाव असलेली एक फाइल, आकार जेमतेम चार केबी, आणि शेवटी जेपीजीच्या जागी पीएचपी, म्हणजे फोटो नव्हे, सर्व्हरवर चालणारा कोड. तारीखसुद्धा ऑगस्ट २०१९चीच. फाइलची तारीख मागची टाकणं एका ओळीचं काम असतं, म्हणून "गेल्या आठवड्यात बदललेल्या फाइली दाखव" असं विचारून ती कधीच सापडली नसती. उघडली तर आत एकच लांबलचक ओळ, अक्षरांची गिचमिड. उलगडल्यावर अर्थ सरळ होता: बाहेरून जो मजकूर पाठवला जाईल तो कोड म्हणून चालव. ज्याला त्या फाइलचा पत्ता माहीत आहे त्याला पासवर्ड लागतच नाही. आणि मी पासवर्ड बदलून निश्चिंत झालो होतो.

अपलोड्समध्ये पीएचपी फाइलचं काम नसतं. काही प्लगइन तिथे रिकामी इंडेक्स फाइल ठेवतात, तो अपवाद. त्याखेरीज तिथे काहीही पीएचपी दिसलं तर उघडून वाचाच.

दुसरी जागा म्हणजे एमयू-प्लगइन्स नावाचा फोल्डर. त्यात टाकलेली फाइल वर्डप्रेस न विचारता चालवतं. प्लगइनच्या नेहमीच्या यादीत ती दिसत नाही, 'मस्ट-यूज' नावाच्या वेगळ्या टॅबमध्ये दिसते, आणि डॅशबोर्डवरून बंद करता येत नाही. होस्टिंग कंपन्याही आपल्या सोयीच्या फाइली तिथे ठेवतात, त्यामुळे नाव बघून लगेच उडवू नका. पण आपण न ठेवलेली आणि होस्टिंगनेही न ठेवलेली फाइल तिथे असेल तर ती घुसखोराची.

तिसरी गोष्ट मी आधी ऐकली होती, प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहिली. मुख्य इंडेक्स फाइल मी स्वच्छ केली, जतन केली, पान ताजं केलं, आणि घाण परत आलेली. सेकंदही लागले नाहीत. फाइलची परवानगी ४४४, म्हणजे फक्त वाचायची, अशी करून ठेवलेली. सर्व्हरच्या मेमरीत एक पीएचपी प्रक्रिया सतत जिवंत होती आणि तिचं काम एवढंच की इंडेक्स आणि एचटीॲक्सेस (सर्व्हरला नियम सांगणारी) या फाइली बदलल्या की परत लिहायच्या. आणि ती प्रक्रिया मारली तर पुन्हा उठवायला सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण पानावर, दर मिनिटाला आपोआप चालणारं काम, ज्याला क्रॉन जॉब म्हणतात. क्रॉनचं पान मी दोन्ही साफसफायांत उघडलंच नव्हतं.

ॲडमिनच्या यादीत वर तीन असा आकडा आणि खाली नावं दोनच, असं दिसलं तर समजा की एक जण लपवलेला आहे. पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस उघडून दाखवणाऱ्या साधनात यूझर्सचं टेबल उघडून मोजा. विजेट, हेडर-फुटरमध्ये स्क्रिप्ट घालायची जागा आणि ऑप्शन्सचं टेबल इथेही तुकडे राहतात. लपलेल्या यूझर-आयएनआय फाइलमध्ये 'प्रत्येक पानाआधी ही फाइल चालव' अशी ओळही घालता येते, तीही बघून घ्या.

आणि आता शेजारचा फोल्डर. २०२० मध्ये साइटचं रूप बदललं तेव्हा साइट आधी सांभाळणाऱ्या माणसाने चाचणीसाठी तिची एक प्रत केली होती. नवी साइट सुरू झाली, प्रत तशीच राहिली. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, पण ती त्याच होस्टिंग खात्यात, त्याच यूझरच्या नावाने चालत होती, म्हणजे तिच्यातून मुख्य साइटच्या कुठल्याही फाइलवर लिहिता येत होतं. तिच्या डॅशबोर्डवर गेलो तर प्लगइनसाठी एकही अपडेट बाकी नाही. सगळं हिरवं.

इथे मी बराच वेळ अडकलो. मग एकेका प्लगइनचं नाव घेऊन वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या भांडारात, जिथून प्लगइन उतरवतात तिथे, बघितलं. फॉर्म भरून घ्यायचं एक प्लगइन तिथून बंद केलेलं होतं. लेखकाने सोडून दिलेलं, दुरुस्ती न झालेलं, म्हणून नव्या लोकांना उतरवून घेता येऊ नये अशी व्यवस्था. पण ज्यांच्याकडे ते आधीच बसलेलं आहे त्यांना वर्डप्रेस काहीही कळवत नाही. नवी आवृत्ती येणारच नाही, म्हणून अपडेटची सूचनाही येत नाही. होस्टिंगने महिनाभराचे ॲक्सेस लॉग ठेवले होते. त्यात त्याच प्लगइनच्या एका फाइलला आलेली पोस्ट विनंती, म्हणजे बाहेरून माहिती पाठवणारी विनंती, होती, आणि लगेच पुढच्या ओळीत अपलोड्समधल्या नव्या फाइलला. दरवाजा सापडला.

या क्रमाने करा

क्रम चुकला तर केलेलं काम तुमच्या डोळ्यांदेखत परत बिघडतं, म्हणून प्रत्येक पायरीचं कारण देतोय.

आधी सगळ्याची प्रत घ्या: फाइली, डेटाबेस आणि लॉग. लॉग आधी, कारण ते आपोआप पुसले जातात आणि चोर कुठून आला हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो. मग होस्टिंगच्या पातळीवर पासवर्ड लावून साइट बाहेरच्यांसाठी बंद करा. वर्डप्रेसच्या 'देखभाल सुरू आहे' प्लगइनने अपलोड्समधल्या त्या फाइलचा रस्ता बंद होत नाही.

त्यानंतर क्रॉन जॉब काढा आणि चालू पीएचपी प्रक्रिया थांबवा. होस्टिंगच्या मदतकेंद्राला सांगता येतं. सीपॅनेलमध्ये पीएचपीची आवृत्ती बदलली तरी बहुतेक ठिकाणी जुन्या प्रक्रिया बंद पडतात. हे होईपर्यंत फाइली साफ करायला हात लावू नका.

जुना फोल्डर साफ करत बसायचं मी आता सोडून दिलंय. नवा रिकामा फोल्डर घ्या. वर्डप्रेस नव्याने उतरवा, प्रत्येक प्लगइन आणि थीम मूळ जागेहून नव्याने आणा. कॉन्फिग फाइल नवी बनवा, त्यात डेटाबेसची माहिती हाताने टाइप करा. जुन्यातून फक्त दोन गोष्टी आणायच्या: डेटाबेस, आणि अपलोड्समधल्या चित्रांच्या व पीडीएफच्या फाइली. एसएसएच (सर्व्हरवर थेट आज्ञा देण्याची सोय) असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या आज्ञा-साधनाने मूळ फाइलींची आणि भांडारातल्या प्लगइनची चेकसम पडताळणी करता येते. एक अक्षर इकडचं तिकडे झालं असेल तरी ती फाइल नावानिशी समोर येते. विकतच्या प्लगइनना ही सोय नाही, ते परतच उतरवा. क्रॅक केलेली थीम वापरत असाल तर पुढचं काहीही करू नका, आधी ती काढा. तिच्यात चोरदरवाजा बहुधा पहिल्या दिवसापासूनच असतो.

मग किल्ल्या. होस्टिंग, एफटीपी, डेटाबेस, प्रत्येक ॲडमिन, आणि ज्या ईमेलवर पासवर्ड बदलण्याचे दुवे येतात तो ईमेल. कॉन्फिगमधले सॉल्ट (लॉगिन टिकवणारी गुप्त अक्षरं) बदला म्हणजे सगळी चालू लॉगिन तुटतात. ॲप्लिकेशन पासवर्ड, म्हणजे बाहेरच्या ॲपना आत यायला दिलेले वेगळे पासवर्ड, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात: डिसेंबर २०२०च्या ५.६ आवृत्तीपासून प्रत्येक यूझरच्या प्रोफाइलमध्ये त्यांची सोय आहे, आणि मुख्य पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहतात. तिथे जाऊन ते रद्द करावे लागतात. हे सगळं स्वच्छ संगणकावरून करा. ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड चोरणारा प्रोग्राम कार्यालयातल्या संगणकावरच बसला असेल तर नवे पासवर्डही संध्याकाळपर्यंत बाहेर जातात.

चाचणीची प्रत, जुनी प्रत, 'साइट-जुनी-२' अशा नावांचे फोल्डर, सगळं काढून टाका. अपलोड्समध्ये पीएचपी चालूच नये असा नियम सर्व्हरला द्या, डॅशबोर्डमधला फाइल संपादक बंद करा. जपानी पानांच्या पत्त्यांना ४१०, म्हणजे 'हे पान कायमचं गेलं', असं उत्तर जाऊ द्या, आणि सर्च कन्सोलमध्ये सुरक्षेचा इशारा आला असेल तर पुनरावलोकनाची विनंती टाका.

आमचं हे काम शनिवार-रविवार मिळून झालं.

मग कार्यकारिणीचा प्रश्न: कोड उघडा आहे म्हणून हे झालं का?

बैठकीत मी लॉगमधल्या त्या दोन ओळी छापून नेल्या होत्या. अध्यक्ष काकांनी चष्मा लावून त्या वाचल्या आणि विचारलं, "म्हणजे वर्डप्रेस फुटलं नाही?"

नाही. वर्डप्रेसच्या गाभ्यात, म्हणजे प्लगइन आणि थीम सोडून मूळ सॉफ्टवेअरमध्ये, चुका सापडतच नाहीत असं नाही. २६ जानेवारी २०१७ला ४.७.२ आवृत्ती आली, तिच्यात रेस्ट एपीआय या, बाहेरच्या प्रोग्रामना साइटशी बोलू देणाऱ्या भागातली एक गंभीर चूक दुरुस्त केली होती: लॉगिन न करता कुणाचाही लेख बदलता येत होता. गाभ्याच्या चमूने चुकीचा तपशील मुद्दाम आठवडाभर जाहीर केला नाही, म्हणजे तेवढ्यात साइट अपडेट होतील. छोट्या आवृत्त्या आपोआप बसण्याची सोय २०१३च्या ३.७पासून आहे. ज्यांच्याकडे ती चालू होती ते वाचले. ज्यांनी बंद केली होती त्यांची पानं तपशील जाहीर झाल्यावर लाखोंनी विद्रूप झाली.

पण गाभा हा आजचा मोठा धोका नाही. पॅचस्टॅक ही संस्था वर्डप्रेसच्या जगातल्या सुरक्षा-चुका मोजते. २०२४ मध्ये तिने ७,९६६ नव्या चुका नोंदवल्या. त्यातल्या ९६ टक्के प्लगइनमधल्या, उरलेल्या जवळपास सगळ्या थीममधल्या. गाभ्यात फक्त ७. मी हा आकडा बैठकीत सांगितला तेव्हा खजिनदारांनी विचारलं, आपल्या साइटवर प्लगइन किती? सत्तावीस होती. वापरात अकरा.

प्लगइनचा धोका नुसता चुकीच्या कोडचा नाही, मालकी बदलण्याचाही आहे, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. डिस्प्ले विजेट्स नावाचं प्लगइन सुमारे दोन लाख साइटवर होतं. मूळ लेखकाने ते २०१७ मध्ये पंधरा हजार डॉलरला विकलं. नव्या मालकाने अपडेटमधूनच आत चोरदरवाजा पाठवला. शेवटी ते भांडारातून कायमचं काढलं. म्हणजे ज्यांनी इमानदारीने अपडेट केलं तेच फसले. जून २०२४ मध्ये दुसऱ्या वाटेने तेच झालं: काही प्लगइन लेखकांनी दुसरीकडे फुटलेले पासवर्डच वर्डप्रेस डॉट ऑर्गवर वापरले होते, चोरांनी त्यांच्या नावाने लॉगिन करून प्लगइनमध्ये कोड घातला, आणि तो साइटवर गुपचूप नवे ॲडमिन तयार करू लागला. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२४पासून प्लगइन लेखकांना टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत दुसरी खातरजमा, सक्तीचं झालं.

कोड उघडा असल्याने चोराला वाचता येतो, हे खरं. तो दुरुस्त करणाऱ्यालाही वाचता येतो, आणि आम्हाला त्या चार केबीच्या फाइलचा माग काढता आला तो सगळा कोड समोर होता म्हणूनच. बंद सॉफ्टवेअरमध्ये चेकसम कुणाशी ताडून पाहणार होतो?

सोडून जायचं कुठे

कार्यकारिणीतल्या एका तरुण सदस्याने द्रुपल आणि जूमला ही वर्डप्रेससारखीच साइट बनवायची सॉफ्टवेअर सुचवली. दोन्ही चांगली, दोन्हींच्या मागे मेहनती माणसं आहेत. पण १५ ऑक्टोबर २०१४ला द्रुपलमध्ये एक चूक जाहीर झाली तेव्हा त्यांच्याच सुरक्षा चमूने नंतर स्पष्ट लिहिलं की सात तासांच्या आत दुरुस्ती बसवली नसेल तर आपली साइट फुटली असंच धरून चाला. सात तास. वाचनालयात त्या वेळी कुणाला कळलंही नसतं. द्रुपल ७ची मुदत ५ जानेवारी २०२५ला संपली, जूमला ३ची ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि त्यापुढची झेप साध्या अपडेटसारखी सोपी नाही. घर बदललं म्हणून कुलूप लावायचं काम टळत नाही.

ज्या साइटवर महिन्यातून एकदा वेळापत्रक बदलतं तिला वर्डप्रेस हवंच का, हा प्रश्न मात्र मी स्वतःच मांडला. साध्या एचटीएमएलच्या पानांना ना डेटाबेस, ना लॉगिन, ना प्लगइन. पण मॅडम आज स्वतः पुस्तकांची यादी टाकतात, फोटो चढवतात, मराठीत दिसणाऱ्या डॅशबोर्डवर कुणालाही न विचारता. साधी पानं केली तर प्रत्येक बदलासाठी त्यांना माझ्याकडे यावं लागेल. मॅडमनी तिथेच सांगितलं की हे नको. माझंही मत तेच होतं.

आणि वर्डप्रेसचं भवितव्य?

हा प्रश्न अध्यक्ष काकांनी विचारला नाही, पण मला तो गेल्या काही काळापासून सतावतो, आणि या दुरुस्तीशी त्याचा थेट संबंध आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात जाहीर वाद पेटला. २५ सप्टेंबरला वर्डप्रेस डॉट ऑर्गने त्या कंपनीचा रस्ता बंद केला. परिणाम कुणाला भोगावा लागला? तिच्याकडे साइट ठेवणाऱ्या लोकांना. त्यांच्या डॅशबोर्डवरून प्लगइन अपडेट होईनात. दोन दिवसांनी बंदी तात्पुरती उठली, १ ऑक्टोबरला परत लागली, २ ऑक्टोबरला कंपनी कोर्टात गेली. १२ ऑक्टोबरला वीस लाखांहून जास्त साइटवर असलेलं त्या कंपनीचं प्लगइन, ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स, भांडारात त्याच जागी नाव बदलून वर्डप्रेसच्या ताब्यात घेतलं गेलं. १० डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन आधीची स्थिती परत आणायला सांगितलं.

कोण बरोबर, यावर माझ्या ओळखीचे विकासक आजही तावातावाने भांडतात. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्याच्या अपडेटचा नळ एकाच ठिकाणाहून येतो आणि त्याची चावी मोजक्या हातांत आहे. परवाना जीपीएल, कोड सगळ्यांचा, पण अपडेट येण्याची वाट एकाची. सुरक्षेच्या दृष्टीने ही वाट तुटणं म्हणजे आमच्या चाचणी-प्रतीतलं ते हिरवं डॅशबोर्डच: सगळं ठीक दिसतं आणि आत काही येत नाही. जून २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली फेअर नावाचा प्रकल्प जाहीर झाला, एकाऐवजी अनेक ठिकाणांहून प्लगइन आणि अपडेट मिळावेत यासाठी. असं काहीतरी उभं राहायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

तरीही वर्डप्रेस बुडेल असं मला वाटत नाही. त्याचा जन्मच सोडून दिलेल्या सॉफ्टवेअरमधून झाला. बी२ नावाचा प्रोग्राम त्याचा फ्रेंच लेखक मिशेल वाल्द्रिगी याने पुढे वाढवणं थांबवलं होतं. तो वापरणारे मुलेनवेग आणि इंग्लंडमधले माइक लिटल यांनी तोच कोड उचलून २००३च्या मे महिन्यात वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. कुणाची परवानगी लागली नाही, कारण बी२सुद्धा जीपीएलवर होतं. ती वाट आजही उघडी आहे. आणि काम थांबलेलंही नाही: एप्रिल २०२५च्या ६.८ आवृत्तीत पासवर्ड साठवायची जुनी पद्धत काढून बीक्रिप्ट ही जास्त भक्कम पद्धत आणली, जे खूप आधी व्हायला हवं होतं.

आम्ही काय ठरवलं

सत्तावीसची अकरा प्लगइन केली. उरलेली निष्क्रिय ठेवली नाहीत, काढून टाकली, कारण निष्क्रिय प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर असतातच आणि काहींना थेट हाक मारता येते. गाभ्याच्या छोट्या आवृत्त्या आणि प्लगइन आपोआप अपडेट होतात. मालकी बदलण्याचा धोका मी वर सांगितला, तरी हे चालू ठेवलंय, कारण उशिरा अपडेट करून फुटलेल्या साइट मी कितीतरी पाहिल्या आहेत आणि अपडेटमुळे फुटलेली एकही हाताळलेली नाही. बॅकअप होस्टिंगबाहेर जातो आणि तीन महिन्यांचे मागचे ठेवले जातात. ॲडमिन दोनच: मॅडम आणि मी, दोघांना टू-फॅक्टर. माजी सचिवांचं खातं चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले तरी चालू होतं. त्यांना फोन करून, सांगून बंद केलं.

आणि आवक-जावक नोंदीच्या शेजारी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. सोमवारी वाचनालय बंद असतं, मॅडम हिशोबाला येतात, तेव्हा अर्धा तास साइटला देतात. अकरा प्लगइनची नावं वहीत आहेत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी एकेक नाव भांडारात शोधायचं, शेवटचं अपडेट कधीचं आहे ते लिहायचं, आणि 'बंद' असं दिसलं तर त्याच मिनिटाला मला फोन करायचा. दर सोमवारी स्वतःच्या फोनवरून, मोबाइल डेटावर, गुगलमधून साइट उघडायची आणि शोधात किती जपानी पानं उरली ते मोजायचं. परवाच्या नोंदीत आकडा एकोणीस आहे. त्याच्या आधीच्या सोमवारी चाळीस होता.